ढेकर देणारी राजकन्या

परवा वहिनीचा फोन आला. "ताई, तुम्ही ते राजकन्येचं कार्टून चांगलं आहे म्हणाला होतात ना? अहो, ती दारू पिते! ढेकर काय देते, शिव्या काय देते!"

मी चांगलं म्हटलं होतं, नऊ वर्षांच्या भाच्याला दाखवा असं म्हटलं नव्हतं. पण चित्र हलायला लागलं की ते मुलांसाठीच, ही आपल्याकडची ठाम समजूत. वयाची सूचना पडद्यावर येते, ती वाचतो कोण?

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीशी बोलताना हाच विषय निघाला. तिचं म्हणणं वेगळं. "फसलेली मालिका आहे ना ती? परीक्षणं काही फार बरी नव्हती." तू पाहिलीस का? "दोन भाग पाहिले."

एकीला ती फार वाह्यात वाटते, दुसरीला पुरेशी धारदार नाही म्हणून टाकाऊ. दोघींनी मिळून पाहिलेले भाग तीन. मालिकेचे एकूण भाग पन्नास. म्हणून हा लेखनप्रपंच. (वहिनी, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. रागावू नकोस.)

मालिका म्हणजे 'डिसएन्चॅन्टमेंट'. 'द सिम्पसन्स' आणि 'फ्युचरामा' निर्माण करणाऱ्या मॅट ग्रेनिंगची. १७ ऑगस्ट २०१८ ला नेटफ्लिक्सवर आली आणि १ सप्टेंबर २०२३ ला, पाचव्या मोसमाबरोबर संपली. ड्रीमलँड नावाचं एक कळकट मध्ययुगीन राज्य. तिथली राजकन्या बीन गुत्त्यात पडीक. तिच्याबरोबर घरदार सोडून आलेला एल्फो नावाचा बुटका आणि ल्यूसी नावाचा काळा सैतान. पहिल्याच भागात राज्याच्या तहासाठी तिचं लग्न लावायला निघतात आणि नवरामुलगा तलवारींच्या सिंहासनावर पडून मरतो. मग काय, त्याच्या भावाला उभं करतात. तह महत्त्वाचा, नवरा कोणता का असेना!

आधी वाह्यातपणाबद्दल. मध्ययुग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिलखतातले सरदार आणि गुलाब हुंगणाऱ्या राजकन्या येतात. ते मध्ययुग नंतरच्या लोकांनी धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं आहे. खरं बघायचं तर चौदाव्या शतकातल्या चॉसरकडे जावं. त्याच्या 'कॅन्टरबरी टेल्स'मध्ये सरदार आपली उदात्त प्रेमकथा सांगून थांबतो न थांबतो, तोच झिंगलेला गिरणीवाला पुढे होतो आणि अशी गोष्ट सांगतो, की तिच्यात अंधाऱ्या खिडकीत मुका घ्यायला आलेल्या प्रियकराच्या तोंडापुढे चेहऱ्याऐवजी भलताच अवयव येतो. उदात्त आणि चावट, दोन्ही एकाच पुस्तकात, पाठोपाठ. त्या काळच्या हस्तलिखितांच्या समासात, अगदी धर्मग्रंथांच्यासुद्धा, उघडी ढुंगणं, माकडं आणि गोगलगायींशी लढणारे सरदार रंगवलेले सापडतात. टेरी गिलियमने १९७५ च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल'मधल्या चलच्चित्रांसाठी असल्याच चित्रांचा आधार घेतला होता. तेव्हा चावट मध्ययुगीन विनोद ही कुणा अमेरिकन वाह्याताची नवी खोडी नव्हे, ते मध्ययुगाचं स्वतःचंच हसणं आहे. आणि आपण कशाला नाकं मुरडावी? वगातल्या राजाची, प्रधानाची आणि हवालदाराची फिरकी आपण पिढ्यानपिढ्या ऐकतोय, तीही काही सोवळ्यातली नव्हती.

आता समीक्षक. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण त्यांनी तरी बघून बोलावं. २०१८ ची परीक्षणं साधारण एकाच सुरात होती. चित्रं देखणी, पण विनोद बोथट. भाग लांबलेले. सलग गोष्ट धड पकड घेत नाही आणि सुटे विनोदही पुरेसे नाहीत. आणि शेवटी हमखास येणारं वाक्य: 'सिम्पसन्स'ची सर नाही.

गंमत अशी की त्या 'सिम्पसन्स'चं स्वागत कसं झालं होतं हे सगळे विसरले. १९८९ च्या डिसेंबरात ती मालिका सुरू झाली तेव्हा बार्ट हा मुलांना बिघडवणारा कार्टा होता. त्याचे टी-शर्ट काही शाळांनी बंद केले होते. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश जाहीर भाषणात म्हणाले, की अमेरिकन कुटुंबं सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. म्हणजे ज्याला एके काळी देशाच्या संस्कारांवरचं संकट ठरवलं, तेच आता नव्याला झोडपायची काठी झालं! 'फ्युचरामा'ची तऱ्हा तीच. २००३ मध्ये फॉक्सवर ती गुंडाळली गेली आणि आज तिचं नाव जुन्या सोन्यासारखं घेतात. कालचा वाह्यातपणा आज अभिजात, आणि आजचा मात्र पाचकळ.

बरं, ही परीक्षणं लिहिली कधी? बरीचशी मालिका यायच्या सुमारास, सुरुवातीचे भाग बघून. आता पहिल्या मोसमाचा शेवट आठवा. (ज्यांना बघायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) एल्फो मरतो. बीनच्या हातात अमृताचा थेंब असतो आणि दगड होऊन पडलेली आई समोर असते. मित्र की आई? ती आईला निवडते. आणि तीच आई, डॅगमार, या साऱ्या कारस्थानामागे निघते. इथे पोचल्यावर मागचे सगळे फालतू वाटलेले विनोद वेगळे दिसायला लागतात. पोरगी पीत होती ती मजेखातर नव्हे, आईची जागा भरून निघेना म्हणून.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. या मालिकेतला ओंगळपणा गोष्टीच्या आड येत नाही, गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. राजा झॉग बघा. खादाड, ढेकर देणारा, वसवस ओरडणारा. दुसऱ्या मोसमात त्याला एका स्त्रीचं वेड लागतं आणि ती निघते अस्वलीण. किती चावट विनोद करता येतील तितके करून घेतलेत. पण तिची कातडी परत मिळते, ती जंगलात निघून जाते, आणि मागे उरलेल्या त्या ढेरपोट्या राजाकडे बघून हसू येत नाही. तिसऱ्या मोसमात त्याला जिवंत पुरतात, त्यात त्याचं डोकं फिरतं. रुबाबदार राजा वेडा झाला तर ती शोकांतिका, आपण लांबून हात जोडतो. ढेकर देणारा राजा वेडा झाला की तो घरातला म्हातारा वाटतो. ज्याचं शरीर आपण इतकं उघडंवाघडं पाहिलं, त्याचं दुखणंही आपल्याला लागतं.

दोष नाहीत असं नाही. फाशी आणि मुंडकी उडवण्याचे विनोद इतक्यांदा येतात की जल्लादाचीच दया यावी. चौथ्या मोसमात कथानकाचा इतका गुंता होतो की कोण कुठे मेलं नि कुठे उठलं याची वही ठेवावी लागते. काही भाग खरंच रटाळ आहेत. यावर टीका करा ना! पण त्यासाठी तिथवर बघायला हवं. पहिल्या दहा भागांवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या पासंगालाही शेवटच्या दहांवर लिहिलेलं पुरत नाही. निकाल पहिल्याच आठवड्यात लागलेला, मग साक्षीपुरावे कोण तपासतो?

आणि एक शेवटचं, वहिनीसाठी. होमर सिम्पसन १९८९ पासून बिअर ढोसतोय, ढेकर देतोय, सोफ्यावर लोळतोय. त्याला आपण काय म्हणतो? बिच्चारा, साधाभोळा बाप. आपल्या घरातही सगळे त्याला हसलेत, दादा सगळ्यात जास्त. बीनने तेच केलं की लगेच "अहो, ती दारू पिते!" त्या 'ती'वर तू फोनवर दिलेला जोर मला नीट ऐकू आला. खरं सांगू? मालिका त्या 'ती'बद्दलच आहे. तहाच्या कागदावर सही करावी तसं जिचं लग्न लावायला निघाले होते, ती पन्नास भागांनंतर आपल्याला हवं ते माणूस स्वतः निवडते. ते माणूस कोण, हे सांगत नाही.

भाच्याला नकोच दाखवूस, तो मोठा होईपर्यंत थांबू. पण तू बघ. निदान पहिले दहा. मग भांडायला मी आहेच. :)