तार आणि तलफ

लंडनचा नातू परवा फोनवर ई-सिगारेट समजावत होता. "आबा, निकेलची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. चिप तो मोजते आणि वीज कमी करते. मग कापूस जळत नाही, घातक वायूही कमी."

मी मराठीचा मास्तर, तरी पटलं. पण निकोटीन? ते तर जातंच ना पोटात? तो गप्प.

आमच्या मूलकडे खर्रा चालतो. त्याला ना आग, ना धूर. तरी माझ्या एका सहकाऱ्याचा जबडा त्यानेच गेला. म्हणून भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, हे मला योग्यच वाटतं. चिप तारेला आवरते, तलफेला नाही. ती आपणच आवरायची. वाचलंस की फोन कर, बाळा.