दुमडलेल्या कानांचं मोल

बोईसर, तारापूर, पालघरच्या नव्या इमारतींत हल्ली खिडकीशी केसाळ पर्शियन मांजर बसलेलं दिसतं. मुलांचा हट्ट, शेजारणीकडे पाहिलेलं पिल्लू, मोबाईलवरचे फोटो, कारण काहीही असो. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते मांजर भरतं.

पर्शियनचं बसकं नाक आपल्याला बाहुलीसारखं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ते इतकं आत गेलं, की श्वासाची वाट अरुंद झाली आणि डोळ्यांतलं पाणी नाकात उतरवणारी नळी वाकडी झाली. म्हणून त्याचे डोळे सारखे गळतात. त्यात अंगावर एवढे केस, आणि आपला किनाऱ्यावरचा मे महिना!

दुमडलेल्या कानांच्या ‘स्कॉटिश फोल्ड’चं तर याहून वाईट. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाचं असं मांजर सापडलं, तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या, म्हणजे कुरकुरीत हाडातल्या दोषामुळे. कूर्चा काय फक्त कानातच असते? सांध्यांतही असते. पाय, शेपटी आखडतात, दुखतात. मांजर उडी मारेनासं होतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, “किती शांत आहे गं!” नेदरलँड्सने अशा मांजरांच्या पैदाशीवर २०१४ मध्ये बंदी घातली, आणि २०२६ पासून ती नव्याने पाळण्यावरही. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. मांजरांसाठी तसे वेगळे नियम नाहीत.

घरच्या घरी पिल्लं विकून चार पैसे मिळवणाऱ्या आपल्यातल्याच बायका असतात. त्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही; कुणाच्या मुलाची क्लासची फी त्यातून जात असेल. पण वर्षातून दोन-तीन वेळा त्याच मांजरीवर बाळंतपण लादणं? ते काय असतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दुमडलेल्या कानांचं पिल्लू मागणाऱ्याला तर सरळ नाही म्हणता येतं.

मुलांना मांजर हवंच असेल तर सातपाटीला मासळीच्या टोपल्यांभोवती घुटमळणारं एखादं गावठी पिल्लू आणा. सरळ नाक, ताठ कान, आणि पैसे शून्य. लस आणि नसबंदी तेवढी पशुवैद्यांकडून करून घ्या. घरात आधीच पर्शियन असेल, तर त्याचे डोळे रोज ओल्या मऊ कापडाने पुसा आणि उन्हाळ्यात दुपारी त्याला पंख्याखाली ठेवा.