बाळ दूध नाकारते तेव्हा

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून चेन्नईला गेलेल्या घरांत तरुण आईची ही चिंता अनेकदा ऐकू येते. बाळ चार घोट घेते, पाठीची कमान करून रडते, मान फिरवते आणि प्यायलेले ओकून टाकते. टी. नगरच्या फ्लॅटमध्ये ना सासूबाई, ना आई. अशा वेळी शेजारच्या मामी आपुलकीने पालाडै घेऊन येतात. पालाडै म्हणजे आपले बोंडलेच. बाळाला पसरलेल्या पायांवर आडवे घेऊन गाल दाबायचे आणि दूध घशात ओतायचे, ही पद्धत दोन्हीकडे सारखीच. धोकाही सारखाच!

बाळ हट्टी नसते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू या वयात सैल असतो, म्हणून दूध वर येते. हे ओकणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि बहुतेक बाळांत वर्षाच्या आत थांबते. काहींना मात्र जळजळ होते. दूध म्हणजे दुखणे, अशी त्यांची समजूत होते. त्यात जबरदस्ती झाली, की बोंडले दिसताच तोंड मिटते. रडणाऱ्या बाळाचे दूध श्वासनलिकेतही जाऊ शकते.

दोष बोंडल्याचा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इस्पितळात त्यानेच पाजतात. पण डोके उंच ठेवून, ओठाला टेकवून, घोट गिळेपर्यंत थांबून.

घरी एवढे करा. बाळ रडून लाल होण्याआधी, शांत असताना पाजा. थोडे थोडे, पण अधिक वेळा द्या. मध्ये ढेकर काढा. नंतर 20 ते 30 मिनिटे खांद्याशी उभे धरा. मान फिरवली की थांबा. झोपवताना पाठीवरच, उशीशिवाय. अंगावरचे दूध बंद करू नका. वेखंडाचा वळसा, ग्राइप वॉटर किंवा दुकानातून आणलेले उलटीचे औषध मनाने देऊ नका.

किती प्यायले यापेक्षा वजन वाढते का आणि दिवसात सहा वेळा तरी लघवी होते का, हे पाहा. दोन्ही ठीक असेल आणि बाळ हसत-खेळत असेल, तर वाढतात ती फक्त धुण्याची दुपटी! वजन अडले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, कारंज्यासारखी उडत असेल, बाळ मलूल असेल, ताप असेल किंवा ते एकामागून एक दूध नाकारत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एग्मोरला मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. बाळ निळे पडले किंवा श्वास अडला, तर लगेच 108 ला फोन करा. तमिळ येत नाही म्हणून थांबू नका. ‘पाल कुडिक्कल’ म्हणजे दूध पीत नाही. आणि ‘वांदि’ म्हणजे आपली वांतीच.

एखादे पाजणे बाळाच्या बाबांकडे सोपवा. थकलेल्या आईलाही विसावा हवा.