डीजेच्या हातात कॅमेरा आला आणि पंक टिकलं: कोण आहे डॉन लेट्स?

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं आणि मराठी शब्दांवरचा हाउस म्युझिकचा ठेका रील्समध्ये घुमू लागला. गाणं काढलं होतं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकर्ड्सने. मराठीत नवी लाट आली, अशी चर्चा झाली. पण या लाटेतले छोटे कार्यक्रम, तिथली पोरं, त्यांचा घाम आणि गोंधळ सलग शूट कोण करतंय? लंडनमध्ये हे काम एका डीजेनेच केलं होतं.

डॉन लेट्सचा जन्म १९५६ चा, लंडनचा. आईवडील जमैकाहून आलेले. किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात तो काम करायचा आणि तिथे दिवसभर रेगे वाजवायचा. १९७७ च्या सुरुवातीला ‘रॉक्सी’ हा पंक क्लब सुरू झाला, तेव्हा डीजे म्हणून त्यालाच बोलावलं. अडचण अशी की पंक इतकं नवं होतं की वाजवायला रेकॉर्डच फारशा नव्हत्या. मग दोन बँडच्या मधल्या वेळेत लेट्स रेगे आणि डब लावायचा. गोऱ्या पंक पोरांना जमैकन संगीताची गोडी लागली ती अशी, नाइलाजातून!

त्याच काळात त्याच्या हाती सुपर ८ कॅमेरा आला. सिनेमाचं शिक्षण शून्य. एका कार्ट्रिजमध्ये जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे बटण कधी दाबायचं हे ठरवावंच लागे. त्यातून १९७८ मध्ये ‘द पंक रॉक मूव्ही’ तयार झाली. चित्र हलतं, आवाज फाटतो. तरीही रॉक्सीचे ते पहिले शंभरेक दिवस आज पाहता येतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. तो बाहेरून आलेला पाहुणा नव्हता, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कुणी सावरून बसत नव्हतं.

पुढे ‘द क्लॅश’च्या ‘लंडन कॉलिंग’चा पावसातला व्हिडिओ त्याने केला. १९८४ मध्ये मिक जोन्ससोबत ‘बिग ऑडिओ डायनामाइट’ हा बँड काढला. वाद्य वाजवता येत नसल्याने तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर रंगीत स्टिकर लावायचा. सिनेमातले संवाद गाण्यात मिसळण्याची त्याची हौस मात्र बँडची ओळख बनली. १९९७ मध्ये जमैकात ‘डान्सहॉल क्वीन’ हा चित्रपट केला. ‘द क्लॅश’वरच्या ‘वेस्टवे टू द वर्ल्ड’ या माहितीपटाला २००३ मध्ये ग्रॅमी मिळालं.

मराठीत असं काही झालंच नाही, असं नाही. आनंद पटवर्धनांनी शाहीर विलास घोगरेंना ‘हमारा शहर’ (१९८५) साठी चित्रित केलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेलं ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झालं. चौदा वर्षं लागली. जलशांची, शाहिरांची कितीतरी गाणी त्यात गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांसकट राहिली आहेत.

आता तळेरे बघा. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथूनच वैभववाडी, गगनबावडामार्गे कोल्हापूरचा रस्ता फुटतो. या पट्ट्यात गणपतीत डबलबारी रंगते, जत्रेत रात्रभर दशावतार चालतो आणि मिरवणुकीत डीजेही असतो. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, म्हणजे लेट्सपेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा. पण शूट होतात तीस-तीस सेकंद. फोन भरला की पहिली कात्री यांनाच लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीचा दर्जाही आधीच घसरलेला असतो. डीजेच्या व्हिडिओची आणखी एक गोची आहे. वाजलेलं गाणं कंपनीच्या मालकीचं असेल तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते. मग व्हिडिओची कमाई कंपनीकडे वळते किंवा व्हिडिओच अडवला जातो. त्यामुळे अपलोड केलं म्हणजे जपून ठेवलं, असं होत नाही. मूळ फाइल तारीख, गाव आणि बुवांचं नाव घालून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी लागते, आणि ते काम सध्या ना मंडळाच्या यादीत आहे, ना डीजेच्या.