घर घ्याल, पण कापूस कुठे ठेवाल?



आमची लाखनी धानाची, तुम्ही कापूस-ज्वारीवाले. पण आमचे गाव नागपूर-रायपूरच्या मोठ्या रस्त्यावर बसले आहे. शहरात जे नवे निघते ते या रस्त्याने आधी आमच्या दारात येते आणि मग तुमच्याकडे. सध्या ट्रकवर लादून तयार घर येते आहे. कोणी त्याला मॉड्यूलर म्हणतो, कोणी प्रीफॅब. कारखान्यात भिंती करायच्या, शेतात आणून नटबोल्टाने जोडायच्या. विकणारा तीन गोष्टी सांगतो : पंधरा दिवसांत घर उभे, चौरस फुटाला अमुक रुपये, आणि उचलून नेता येते म्हणून एनएची भानगड नाही.

तिन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. अर्धवट सत्याने शेतकरी जितका बुडाला तितका धडधडीत खोट्याने बुडालेला नाही.

आधीच सांगून टाकतो, मी नव्या तंत्राच्या विरोधात नाही. कुडामातीचे घर म्हणजे आपली संस्कृती, असले गोडवे शहरातल्या पंख्याखाली बसणाऱ्यांनी गावेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारी, सास्तूरची माणसे झोपेत गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर पडून. सरकारी मोजणीतच आठ हजारांच्या आसपास मेले. हलके, नीट बांधलेले, नीट जखडलेले घर त्या रात्री माणसे वाचवू शकले असते. तेव्हा प्रश्न नवे की जुने हा नाही. घर कोणाच्या हिशेबाने बांधले जाते, हा प्रश्न आहे.

किल्लारीनंतर काय झाले ते पाहा. जागतिक बँकेचे कर्ज आले. ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०, असे माप काढले. काही गावांत कारखान्यातल्या काँक्रीटच्या भिंती आल्या, काही ठिकाणी घुमटाच्या आकाराची घरे उभी राहिली. रुंद सरळ रस्ते, ओळीने घरे. कागदावर सुरेख! पण घुमटात माळा कुठे घालायचा? गोल भिंतीला कणगी कशी टेकवायची? बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा? पुढे या गावांत गेलेल्या अभ्यासकांनी काय पाहिले? लोकांनी नव्या घरासमोर पत्र्याचे छप्पर काढले होते. कुठे माणसे पत्र्याखाली राहत होती आणि पक्क्या खोलीत धान्य ठेवले होते. याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणारे कमी नव्हते. मी म्हणतो, घराचा खरा उपयोग काय हे त्यांनी इंजिनिअरला करून दाखवले.

कारण शेतकऱ्याचे घर म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे. ते त्याचे गोदाम आहे. वेचणी झाली की कापूस घरातच येतो. वीस क्विंटल कापसाला एक अख्खी खोली लागते, हे तुम्हाला कृषी पदवीधराने सांगायला नको. ती खोली आहे म्हणून तुम्ही व्यापाऱ्याला म्हणू शकता, "आज नाही देत." थांबल्याने भाव वाढेलच असे नाही. कैकदा पडतोही. पण थांबायचे की विकायचे हे ठरवण्याचा हक्क त्या खोलीत आहे. तीनशे फुटांचे चकचकीत घर घेऊन ती खोली गेली, तर दिवाळीच्या आत मिळेल त्या भावाला गाडी भरावी लागेल. घराचा हप्ता बँकेला, आणि भावातली तूट दरसाल व्यापाऱ्याला. हा दुसरा हप्ता कुठल्याच कोटेशनात लिहिलेला नसतो.

आता कोटेशनच उघडू. समजा तीनशे चौरस फूट, दर बाराशे रुपये. तीन लाख साठ हजार. तुम्ही मान डोलावता. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४ हजार ८००. झाले चार लाख २४ हजार ८००. पाया त्यात आहे का? नाही. फरशी? वाहतूक? क्रेनचे भाडे? शौचालयाची टाकी, वायरिंग, वीजजोडणी? यांतली प्रत्येक गोष्ट "ग्राहकाने करावयाची" या एका ओळीत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. चौरस फुटाचा दर हा घराचा दर नव्हे, खोक्याचा दर आहे.

आणि पाया हीच तर आपल्या मुलखातली खरी गोम. मी स्वतः फसलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी बी-बियाणे आणि बैठकीसाठी माझ्या शेतात एक तयार खोली बसवली. जमीन कन्हार, म्हणजे तुमच्याकडची काळी. विक्रेत्याच्या माणसाने हातभर खोल खड्डे करून वर पातळ काँक्रीट ओतले. पहिल्या पावसाळ्यात दार अडकले. उन्हाळ्यात फटीतून बोट जाऊ लागले. मे महिन्यात दुपारी आत बसवेना, बैठक लिंबाखाली. विचारले तर उत्तर आले, "जमीन तुमची, जबाबदारी तुमची." करारात तसेच लिहिले होते, मी वाचले नव्हते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते, हे वर्षानुवर्षे सभांतून सांगणारा मी! पऱ्हाटीसाठी शिकलेले घरासाठी विसरलो.

या फुगण्या-आक्रसण्याचा परिणाम साडेतीन मीटर खोलपर्यंतही जातो. जड वाड्याला थोडेफार वजन तरी असते. हलक्या घराला माती सहज उचलते. उपाय आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले खांब काढले. मुंबई आयआयटीच्या प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर दाबून बसवण्याची पद्धत दिली. भोवती पक्का उतार हवा, न्हाणीचे पाणी पायाशी मुरता कामा नये. यांतले काही नसेल तर काळ्या रानात तयार घर उभारू नका. शेताच्या कडेला मुरमाड पट्टा असेल तर तिथे जा.

भिंतीच्या पोटात काय आहे तेही विचारा. दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल असेल तर ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पेट घेते. पीयूएफ फोम उन्हाला चांगला अडवतो, पण तोही जळतो आणि विषारी धूर सोडतो. दगडी लोकर जळत नाही. घरात चूल आणि कापूस एकत्र असणाऱ्याला हा फरक पैशाचा नाही, जिवाचा आहे. आणि वारा? भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्याला टिकेल असे इंजिनिअरच्या सहीने लिहून द्यायला सांगा. पाहा किती जण देतात.

एनएचे म्हणाल तर १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता वाचा. शेतघराच्या व्याख्येत अवजारे, खत, चारा, पिकलेला माल, जनावरे आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचा निवारा हे सगळे येते. कायद्यालाही कळले की शेतकऱ्याचे घर म्हणजे गोदाम आणि गोठा. ते फक्त योजना आखणाऱ्यांना कळत नाही. पण त्याच घरात ढाबा किंवा दुकान थाटाल तर वापर बदलला, मग घर चाकांवर असले तरी तलाठी दारात येणारच.

२०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागाला एक लाख वीस हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, हे माप धरले. किल्लारीच्या भूमिहीनाच्या मापाहून फार पुढे गेलो नाही आपण! मात्र त्या योजनेत ठेकेदार लादायचा नाही, लाभार्थ्याने आपले घर आपण बांधायचे, हा नियम आहे. कोणी "तुमचा हप्ता आमच्याकडे वळवा, तयार घर देतो" म्हणाला तर त्याला हा नियम ऐकवा.

तेव्हा सही करण्याआधी एवढे लेखी घ्या :

१. पाया, कर, वाहतूक, जोडणी धरून एकूण किंमत.
२. आपल्या मातीसाठी पायाचा नकाशा, आणि पाया हलला तर जबाबदारी कोणाची.
३. पत्र्याची जाडी, आतला माल, त्याची घनता.
४. दुरुस्तीला माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार. लाखनीच्या गवंड्याला, सुताराला ते उघडता येईल का?
५. उद्या एक खोली वाढवता येईल का?
६. बँक यावर घरकर्ज देते की वैयक्तिक कर्जाचे व्याज लावते, हे बँकेकडूनच.
७. पाच वर्षांपूर्वी बसवलेले एक घर. ते मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आत बसून पाहा.

पीक कर्जातून आगाऊ रक्कम देऊ नका. पैसे टप्प्याने, पावतीसकट द्या. पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पावती नसेल तर तुमच्याकडे फक्त नशीब आहे.

जिल्हा बैठकीत मी एवढेच मांडणार आहे : घरकुलाच्या मापात माल साठवायची खोली धरा. तोवर आपण आपला हिशेब करू. आधी कापसाची खोली मोजा, मग उरेल त्यात घर बघा. ज्याच्या घरात माल राहतो, त्याचाच शब्द बाजारात राहतो.