बेस गिटारला खोबरेल लावू नका

मी पेशानं सुतार. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, त्यामुळे पोरं आपापल्या गिटारी दाखवायला माझ्याकडे आणतात. परवा एकानं आणलेली गिटार ऑइल फिनिशची होती. वर वार्निशचा थर नाही, लाकडाच्या रेघा थेट बोटांना लागतात. पण अंगठा टेकायच्या जागी काळपट, चिकट पुट चढलेलं. वास घेतला तर खोबरेल! ‘‘काका, लाकूड कोरडं पडत होतं, म्हणून आईनं दिलं,’’ असं त्याचं उत्तर.

आईची माया समजते, पण खोबरेल लाकडावर वाळत नाही. शेंगतेलही नाही. ते तसंच ओलं राहतं, धूळ धरतं, खवट होतं. ऑइल फिनिश म्हणजे तेल पाजून ओलं ठेवलेलं लाकूड नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या छिद्रांतच घट्ट होतं. वॉरविकसारख्या जर्मन कंपनीच्या कित्येक बेसवर तेल-मेणाचंच फिनिश असतं, ते याच भरवशावर.

वाळणारी तेलं आपल्याकडे नाहीत असंही नाही. जवस आहे, करडई आहे. करडईचं तेल जवसापेक्षा सावकाश वाळतं, पण कमी पिवळं पडतं, म्हणून चित्रकार पांढऱ्या रंगात ते वापरतात. करडईवर संशोधन आपल्या सोलापुरात होतं आणि आपण गिटारला खोबरेल चोपडतो! तरी घाण्याचं कच्चं तेल आणून लावू नका, दिवसच्या दिवस चिकट राहील. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसतेल मिळतं. रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा ते स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. शंका आली तर काचेवर पातळ बोट ओढून ठेवा. आठवड्यानंतरही बोटाला चिकटलं, तर ते तेल गिटारचं नव्हे.

लावायचं किती? थेंबांत मोजावं इतकं. आधी घामाचा मळ जेमतेम ओलसर फडक्यानं काढा आणि लाकूड पूर्ण सुकू द्या. मग तेल चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि राहिलेलं सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. हात फिरवला तर तळव्याला काही लागता कामा नये. पुसायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका. अंग पुसायला त्याला तोड नाही, पण त्याचे धागे तेलात अडकतात. जुनं, धुऊन विरलेलं धोतर घ्या. वर्षातून एकदा एवढं पुरे.

काही जण कंटाळून बॉडीवर पीयू (पॉलियुरेथेन) मारून आणतात. माझ्या मते तो अन्याय आहे. हाताला लाकूड लागावं म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि वर प्लास्टिकचा थर चढवायचा! मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा तिथं जातो आणि त्यावर लाखेचं पॉलिश चढतं. ते स्पिरिटनं विरघळतं, म्हणून त्याला स्पिरिटचा बोळा लावायचा नाही. ज्याची जशी जात, तशी निगा.

आपल्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. त्यावर तेल हा उपाय नव्हे. गिटार केसमध्ये ठेवा, पत्र्याच्या खोलीत टांगू नका.

आणि एक सांगायलाच हवं. जवसतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. सुतारांच्या कारखान्यांत अशा आगी लागल्या आहेत. फडकं उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या डब्यात झाकण लावून ठेवा. पोरांनो, बाकी काही विसरलात तरी चालेल, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.