सरकारी रकाने आणि स्थलांतरितांची कहाणी

न्यूयॉर्कमधील स्थलांतरविषयक न्यायालयात २०१५ साली व्हालेरिया लुइसेली ही मेक्सिकन लेखिका स्वयंसेवक दुभाषी म्हणून काम करीत होती. मध्य अमेरिकेतील देशांतून आईबापांविना सीमा ओलांडून आलेल्या मुलांना छापील प्रश्नावलीतील ४० प्रश्न विचारावयाचे, त्यांची स्पॅनिश उत्तरे इंग्रजीत उतरवावयाची, आणि तो कागद वकिलांच्या स्वाधीन करावयाचा, एवढेच तिचे काम. पहिलाच प्रश्न असा की, तू अमेरिकेत कशासाठी आलास? मुलांची उत्तरे मात्र प्रश्नांच्या क्रमाने येत नसत. कोणी मध्यापासून सुरुवात करी, कोणी भलतीच हकिगत सांगत बसे, कोणी गप्पच राही. ओबामा प्रशासनाने असे खटले अग्रक्रमाने चालविण्याचे ठरविल्यामुळे वकील मिळविण्यासाठी मुलाच्या हाती जेमतेम २१ दिवस उरत. तेवढ्या अवधीत त्या कागदावर भय आणि छळ ठळकपणे दिसले, तरच कोणी वकील ते प्रकरण हाती घेण्याचा संभव.

या अनुभवावर लुइसेलीने ‘टेल मी हाऊ इट एंड्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यानंतर २०१९ साली तिची ‘लॉस्ट चिल्ड्रन आर्काइव्ह’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ग्वाटेमालातील एका आजीने दोन नातींच्या फ्रॉकच्या गळपट्टीवर त्यांच्या आईचा दहा आकडी दूरध्वनी क्रमांक शिवून दिला होता, ही हकिगत दोन्ही पुस्तकांत आहे. परंतु कादंबरीच्या केंद्रस्थानी या मुली नाहीत. तेथे न्यूयॉर्कहून ॲरिझोनाकडे मोटारीने निघालेले एक सुशिक्षित कुटुंब आहे. नवराबायकोंचे बिनसले आहे आणि प्रवास संपताच त्यांच्या वाटा वेगळ्या होणार आहेत. मागच्या आसनावर दहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी बसलेली आहेत. एक त्याचा, दुसरी तिची. दुसऱ्यांची हरवलेली मुले शोधण्यात आई इतकी गुंतलेली असते की, एके दिवशी तिची स्वतःची मुलेच त्या हरवलेल्या मुलांच्या शोधात निघून जातात. निर्वासितांच्या दुःखाशेजारी एका मध्यमवर्गीय संसाराची मोडतोड ठेवणे हा काहींना औचित्यभंग वाटला. वस्तुतः या कादंबरीचे बळ त्यातच आहे. सीमा ही नकाशावर असते तशी घरातही असते, आणि बहुधा ती घरात आधी पडते, हे लुइसेलीला दाखवावयाचे आहे.

स्थलांतरावरील अलीकडच्या कथासाहित्याचा विचार करताना हा मुद्दा दृष्टीआड होऊन चालणार नाही. सरकारी यंत्रणेला स्थलांतरिताकडून एक सरळ कहाणी हवी असते. त्याचा छळ कोणी केला, कधी केला, पुरावा कोणता, याची उत्तरे हवी असतात. तिचाही नाइलाज असतो. अधिकाऱ्याला शेवटी होय किंवा नाही एवढेच लिहावयाचे असते, आणि कादंबरी वाचून निकाल देता येत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु माणसे देश सोडतात त्यामागे केवळ जुलमी राजवट नसते. भाऊबंदकी असते, कर्ज असते, हट्ट असतो, कोणाला तरी मागे टाकल्याचा सल असतो. यांपैकी कशालाही अर्जात रकाना नाही. मग प्रामाणिक माणसालाही आपली कहाणी छाटून, प्रसंगी बदलून सांगावी लागते.

अब्दुलरझाक गुर्ना यांच्या ‘बाय द सी’ (२००१) या कादंबरीत या छाटाछाटीचे जे दर्शन घडते, तसे क्वचितच अन्यत्र घडेल. गुर्ना यांचा जन्म १९४८ साली झांझिबारमध्ये झाला. तेथील १९६४ च्या क्रांतीनंतर अरब वंशाच्या नागरिकांचा छळ सुरू झाला आणि साठाच्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडला आले. पुढे १९८४ पर्यंत त्यांना मायदेशी पाऊल टाकता आले नाही. २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या लेखनाकडे अनेकांचे प्रथमच लक्ष गेले.

या कादंबरीतील सालेह ओमर हा वृद्ध दुकानदार गॅटविक विमानतळावर उतरतो, तो दुसऱ्याच्या नावाची कागदपत्रे घेऊन. त्याला इंग्रजी उत्तम येते. पण येत नाही असे भासवावे, असा सल्ला तिकीट विकणाऱ्याने दिलेला असतो. तो ‘निर्वासित’ आणि ‘आश्रय’ एवढेच दोन शब्द इंग्रजीत उच्चारतो. त्याच्या सामानात ऊद या सुगंधी धुपाची एक पेटी असते. तपासणी करणारा अधिकारी ती पेटी खुशाल स्वतःकडे ठेवून घेतो. हा अधिकारी स्वतः रुमानियातून आलेल्या निर्वासितांचा मुलगा आहे! गुर्ना हा तपशील आवाज न चढविता नोंदवितात आणि पुढे जातात.

खरी कथा त्यानंतर उलगडते. सालेहने ज्याचे नाव घेतले, त्या माणसाचे घर कर्जाच्या एका दस्तऐवजामुळे पूर्वी सालेहच्याच ताब्यात आलेले असते. त्या घरापायी दोन कुटुंबांत वैर माजते, सत्ताधाऱ्यांशी असलेली जवळीक त्या वैरात वापरली जाते, सालेह अनेक वर्षे तुरुंगात खितपत पडतो आणि त्या काळात त्याची बायको व मुलगी दगावतात. इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी म्हणून ज्या दुभाषाचा शोध घेतला जातो, तो निघतो नेमका त्या माणसाचा मुलगा. राजकीय छळ येथे आहेच. परंतु तो शेजाऱ्याच्या हातून, घराच्या वादातून, मत्सरातून आलेला आहे. सालेह निरपराध आहे असेही लेखक म्हणत नाही. अशा माणसाला आश्रय द्यावा की न द्यावा, हा प्रश्न वाचकापुढे येतो तो निरपराधाच्या आश्रयाच्या प्रश्नाहून कितीतरी अवघड रूपात.

याच्या उलट टोकाला जनीन कमिन्स यांची ‘अमेरिकन डर्ट’ (२०२०) ही कादंबरी ठेवता येईल. तिच्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले आणि प्रकाशकांना लेखिकेचा दौरा रद्द करावा लागला. परक्या समाजाची कथा सांगण्याचा अधिकार कोणाला, या मुद्द्याभोवती तो वाद फिरत राहिला. हा आक्षेप फारसा टिकणारा नाही. तो मानला तर निम्मे कथासाहित्य बाद करावे लागेल. खरी उणीव वेगळीच आहे. पहिल्याच प्रसंगात मादक द्रव्यांचे व्यापारी नायिकेचे सोळा आप्त ठार करतात आणि ती मुलाला घेऊन उत्तरेकडे पळते. म्हणजे जिच्याकडे परत जाण्याजोगे घर नाही, जिच्या पत्राची वाट पाहणारे कोणी नाही, अशी ही स्थलांतरित आहे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांची मनिऑर्डर ज्यांच्या घरी येत असे, त्यांना स्थलांतर इतके सुटसुटीत नसते हे सांगावयास नको. सरकारी अर्जाला जशी सरळ कहाणी हवी असते, तशीच ती बाजारालाही हवी असते.

आपल्या उपखंडात हा प्रश्न फाळणीपाशी जाऊन थांबतो. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ (२०१८) या हिंदी कादंबरीला डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. भारतीय भाषेतील पुस्तकाला ते प्रथमच लाभले. ऐंशी वर्षांची विधवा आई भिंतीकडे तोंड करून पडून आहे, आणि अंथरुणातून उठण्यास तिचा साफ नकार आहे. ती उठते तेव्हा प्रथम मुलाचे घर सोडून मुलीच्या घरी राहावयास जाते. उत्तर भारतीय प्रतिष्ठित कुटुंबात हे काही लहान सीमोल्लंघन नव्हे. पुढे ती व्हिसाची तमा न बाळगता पाकिस्तानात खैबरपर्यंत पोहोचते, फाळणीपूर्वी ज्याच्याशी विवाह झाला होता त्या माणसाच्या भेटीसाठी. अधिकारी कागदपत्रे मागतात; तिच्यापाशी सांगण्याजोगे आहे ते एक लग्न. कादंबरी मधल्या भागात फार पसरते, शब्दक्रीडेचा मोह लेखिकेला आवरत नाही, हे खरे. पण मुलाच्या दारापासून खैबरपर्यंत एकच रेघ ओढण्याचे धाडस तिने केले आहे.

कुटुंबाचा कागद आणि कुटुंब यांतील हे अंतर केवळ कादंबऱ्यांत राहिलेले नाही. अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये सीमेवर ‘शून्य सहनशीलते’चे धोरण जाहीर केले आणि मुले आईबापांपासून तोडली. २० जूनच्या आदेशाने ते थांबविण्यात आले. परंतु कोणते मूल कोणाचे याची धड नोंदच नसल्याने पुढे त्यांची गाठ घालून देणे दुष्कर झाले. आसाममध्ये नागरिक नोंदणीसाठी प्रत्येक अर्जदाराकडून वंशवृक्ष मागविण्यात आला आणि तो नातलगांनी दिलेल्या वंशवृक्षाशी ताडून पाहण्यात आला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. एकाच घरातील काही नावे आत आणि काही बाहेर, असेही घडले. लग्नानंतर गाव बदललेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या स्त्रियांना आपण अमक्याची मुलगी आहोत हे सिद्ध करण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबावे लागले, आणि तो दाखला पुरेसा मानावा की नाही याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.